हायरमचे मत

मतदानाच्या दिवशी सकाळीच ॲम्ब्रोज मेबरी कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि शेरीफने विचारताच खणखणीत आवाजात आपले मत कर्नल ड्रेपरला देऊन मोकळा झाला. कर्नल ड्रेपर म्हणजे त्याच्याच विरुद्ध उभा असलेला उमेदवार.

यात काही वेडेपणा झाला असे ॲम्ब्रोजच्या मनातही आले नाही. आमच्या केंटकीत मत तोंडाने देतात. शेरीफ नाव पुकारून "कोणाला?" विचारतो आणि माणसाने गावादेखत उत्तर द्यायचे. दोन्ही उमेदवार तिथेच बाकावर बसलेले असतात. ज्याचे नाव घेतले तो उठून आभार मानतो. कोणी कोणाला मत दिले हे शोधून काढायला आमच्याकडे कष्ट पडत नाहीत, विसरायला पडतात. आणि चांगल्या घरातला उमेदवार स्वतःला कधी मत देत नाही. तो समोरच्याला देतो, समोरचा त्याला देतो, फिटंफाट होते आणि दोघांचाही खानदानीपणा गावाला दिसतो.

तर ॲम्ब्रोजने मत दिले. कर्नल उठला, आभार मानले, पुन्हा बसला. आणि बसूनच राहिला.

बातमी बाहेर सिकामोरच्या झाडाखाली उभ्या असलेल्या बग्गीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बग्गीत ॲम्ब्रोजची बायको लुसिंडा मतदारांना वाटायचा ब्लॅकबेरीचा केक मांडीवर घेऊन बसली होती, आणि शेजारी तिची मोठी जाऊ केझाया. या दोघी एका बग्गीत बसलेल्या पाहून सकाळपासून गाव बोटे तोंडात घालत होते. सासूच्या चांदीच्या चमच्यांवरून दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य जगजाहीर होते. पण मार्चमध्ये केझायाच्या मुलाला, लायलला, तुरुंगात टाकले आणि चमच्यांचा विषय दोघीही विसरल्या.

मध्ये जरा उसंत मिळताच ॲम्ब्रोज पाणी प्यायला बाहेर आला.

"स्वतःचं मत त्याला दिलंस?" लुसिंडाने विचारले.

"रीत आहे, लुसिंडा."

"आणि त्याने तुला दिलं?"

"देईल. त्याच्या पायाला सूज आहे, उठायला त्रास..."

"आभार मानायला बरा उठतो टणकन. बाजूलाच तर शेरीफ उभा आहे. बसल्या जागेवरून बोलला असता तरी चाललं असतं."

"मी त्याला आठवण करून देऊ म्हणतेस? तसं कोणी करत नाही."

"कोणी करत नाही," लुसिंडा केझायाकडे वळून म्हणाली. "ऐकलंस? तुझा पोरगा कोठडीत बसलाय, आणि वकीलसाहेब इथे चालीरीती शिकवतायत."

केझायाने केकचा मोठा तुकडा कापला, दिराच्या हातात दिला आणि म्हणाली, "खा आणि आत जाऊन बस. चेहरा पाडू नकोस, लोक बघतात."

ॲम्ब्रोज आत जाऊन बसला खरा, पण केक तसाच हातात राहिला. वीस वर्षे त्याने वकिली केली होती. घोड्यावरून या कोर्टातून त्या कोर्टात हिंडला, खाणावळीत परक्या माणसांबरोबर एका बिछान्यात झोपला, आणि राजकारणात ये म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर देत आला: कायदा आहे तसा वापरणे हे माझे काम, तो बदलायला दुसरे आहेत. मार्चमध्ये पेक दुकानदाराला रात्री कोणीतरी मारून टाकले. आदल्या दिवशी लायलचे त्याच्याशी भांडण झाले होते, म्हणून लायलला धरले. लायल त्या रात्री दुकानाच्या आसपासही नव्हता. ओढ्याला पूर आला, घोडा लंगडा झाला, म्हणून तो पहाटेपर्यंत डॉर्कस टॉलिव्हरच्या ओसरीवर बसून होता. हे पाहणारी एकटी डॉर्कस. आणि डॉर्कस काळी. काळ्या पुरुषांना नुकताच मताचा हक्क मिळाला, पण गोऱ्या माणसाच्या खटल्यात काळ्या माणसाची साक्ष आमच्या राज्यात अजून घेत नाहीत.

तुरुंगाच्या दारात त्याने हे केझायाला समजावून सांगितले होते. कलमासकट.

"हा कायदा करतं कोण?" केझायाने विचारले होते.

"राजधानीत, फ्रँकफर्टला, विधानसभेत..."

"मग तिथे जा."

त्याची सगळी राजकीय कारकीर्द इथून सुरू झाली. खटला फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलला होता. त्याआधी हिवाळ्यात विधानसभा बसायची होती. तिथे कायदा बदलला तर डॉर्कस बोलू शकणार होती आणि लायल वाचणार होता. नाही बदलला तर वकील म्हणून आपल्या हातात काय उरते हे ॲम्ब्रोजला चांगले ठाऊक होते, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

दुपारी केझाया एकटीच बग्गी हाकत घरी गेली.

तिचा नवरा हायरम तंबाखूत उभा होता. ऑगस्टात तंबाखूचे शेंडे खुडावे लागतात, नाहीतर पानात जोर राहत नाही. पण मतदानाच्या दिवशी शेंडे खुडणारा माणूस अख्ख्या तालुक्यात तो एकटाच असेल. जून महिन्यापासून त्याने धाकट्या भावाशी बोलणे टाकले होते.

"रूबेनने मत दिलं," केझाया बांधावरून म्हणाली. रूबेन म्हणजे डॉर्कसचा नवरा. हायरमच्याच जमिनीवर वाट्याने कसत असे.

"कोणाला?"

"ॲम्ब्रोजला."

"मला नाही विचारलं त्याने."

"विचारलं असतं तर तू काय सांगणार होतास? तू तर इथे खुडत बसलायस. समोर कर्नल, मागे तुझ्या जुन्या पलटणीतले सगळे भिंतीला टेकून उभे, कोणता काळा माणूस कोणाचं नाव घेतो ते बघत. मी खिडकीतून पाहिलं. त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता, पण नाव घेतलं त्याने. त्याचा मुलगा नाही तुरुंगात, हायरम. आपला आहे."

हायरमने दोन झाडांचे शेंडे मोडले. "माझ्या पोराचं नाव त्याने वेशीवर टांगलं. प्रत्येक चौकात, सभेतल्या प्रत्येक बर्गू रश्श्याच्या कढईपाशी. 'माझा पुतण्या, माझा पुतण्या.' लोक मटण चापत ऐकतायत, आणि हा आमची अब्रू त्यांच्या ताटात वाढतोय."

"अब्रू गेली ती मार्चमध्ये. तो ती परत आणायला निघालाय."

"एका काळ्या बाईच्या शब्दावर?"

"दुसऱ्या कोणाचा शब्द आहे तुझ्याकडे?" केझायाने विचारले. "असेल तर सांग. मी आत्ता बग्गी वळवते आणि त्याला घेऊन येते."

"ड्रेपरने मला लढाईतून पाठीवर घालून आणलंय, केझाया. पायात गोळी होती माझ्या, आणि तो ओढ्यातून मला घेऊन चालत होता. त्याच्या तोंडावर मी दुसऱ्याचं नाव कसं घेऊ?"

"त्याने तुला आणलं म्हणून मी आजवर दर नाताळात त्याला हॅम पाठवत आले. उरलंसुरलं यंदा पाठवीन. पण लायलला उचलायला तो येणार नाहीये." ती बग्गीत चढली. "मी परत चाललेय. मतं अगदी घासून चाललीत. तुला यायचं तर ये. नाही आलास तर संध्याकाळी जेवण तुझं तू वाढून घे. आणि उद्याचंही."

ती गेल्यावर हायरमने ती ओळ संपवली. तो हट्टी होता, दुष्ट नव्हता. हट्टी माणसाला हातातले काम अर्धे टाकणे फार जड जाते. तुरुंगात तो फक्त एकदाच गेला होता. तेव्हा लायलने घराची, आईची, घोड्याची चौकशी केली, आणि निघताना विचारले, "बाबा, तुमचा तरी विश्वास आहे ना?" हायरम म्हणाला होता, "हा काय प्रश्न झाला." त्याच्या मते ते उत्तर होते. आता ओळीच्या टोकाला उभे राहून त्याला पहिल्यांदाच वाटले की पोराला ते उत्तर वाटले नसेल. त्याने हौदावर हात धुतले. तंबाखूचा चीक धुतल्याने जात नाही. काळ्याकुट्ट चिकट हातांनीच त्याने घोड्यावर खोगीर टाकले.

लांबच्या गावांतली मते घेऊन घोडेस्वार कोर्टात पोचले तेव्हा उन्हे कलली होती. बेरीज झाली. ॲम्ब्रोज एका मताने मागे होता. कोणत्या एका, हे कोणी बोलून दाखवले नाही. पण खिडकीबाहेरून लुसिंडा नवऱ्याकडे अशी बघत होती की त्याने मान वर केली नाही.

"आणखी कोणी आहे?" शेरीफने विचारले.

"आहे," दारातून आवाज आला.

भिंतीला टेकलेली पलटण सरळ झाली. कोणीतरी हायरमच्या पाठीवर थाप मारली. आपलाच माणूस आला, कर्नलचा विजय पक्का झाला, असे त्यांना वाटले. हायरम टेबलासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हॅट काढली.

"हायरम मेबरी," शेरीफने पुकारले. "कोणाला?"

हायरमने आधी कर्नलकडे पाहिले. चांगला वेळ घेऊन पाहिले. मग म्हणाला, "ॲम्ब्रोज मेबरी."

"जरा मोठ्याने."

"तुला ऐकू आलंय, जेब. पण मोठ्याने हवं तर मोठ्याने घे. ॲम्ब्रोज मेबरी. माझा धाकटा भाऊ."

आता रीतीप्रमाणे उमेदवाराने उठून आभार मानायचे. दिवसभर ॲम्ब्रोज शेकडो वेळा उठला होता. तसाच तो याही खेपेला उठला. "मिस्टर हायरम मेबरी," तो म्हणाला, "मी आपला..." त्याने बाहीने डोळे पुसले.

"बस खाली," हायरम हलक्या आवाजात म्हणाला. "आईने आपल्याला गावासमोर रडायला नाही शिकवलं."

मते सारखी झाली. शेरीफ लेखनिकाकडे वळला, आणि खोलीत जरा कुजबुज सुरू झाली. इतक्यात खिडकीतून आवाज आला. बाईमाणसाने मतदानाच्या खोलीत पाऊल टाकायचे नसते, खिडकीबद्दल मात्र कोणी काही म्हटलेले नाही.

"कर्नल ड्रेपर," लुसिंडा अगदी गोड आवाजात म्हणाली, "माफ करा हं. तुमचं स्वतःचं मत राहिलंय का?"

ॲम्ब्रोजने डोळे मिटले. कर्नलची माणसे भराभर पुढे झाली. "कर्नल, तुमचा पाय... कर्नल, आता वेळ संपली... मत द्यायलाच हवं असं कुठे आहे?"

"पाय माझा आहे," कर्नल म्हणाला आणि उठला. त्याचा चेहरा लालभडक झाला होता. "सकाळीच देणार होतो मी. तुम्ही माझा कोट धरून बसवलंत. 'थोडं थांबा, कर्नल. बघू तरी, कर्नल.' आणि मी बसलो. या वयात. आता हायरम मेबरी माझ्या डोळ्यांत बघून नाव घेतो, आणि मी कोट धरून बसलेल्या पोरांचं ऐकू?" तो शेरीफकडे वळला. "लिही. ॲम्ब्रोज मेबरी. आणि पाणी दे."

पुढे काय झाले ते कोणालाच धड आठवत नाही. कोणी म्हणते ॲम्ब्रोज कर्नलच्या गळ्यात पडला, कोणी म्हणते तो पाणी द्यायला धावला. एवढे नक्की, की कर्नल जाता जाता हायरमपाशी थांबला.

"हरवलंस मला."

"हो, कर्नल."

"तुला ओढ्यातच ठेवायला हवं होतं," कर्नल म्हणाला आणि त्याचा हात हातात घेतला. मग स्वतःच्या तळव्याकडे बघत, "हे काय फासलंयस?" असे विचारत पायऱ्या उतरून गेला.

सिकामोरखाली बर्गूच्या कढईभोवती मेबरींचे सगळे कुटुंब जमले. मटण, मका, ससा, काय हाती लागेल ते घालून दिवसभर शिजवलेला तो रस्सा तळाशी लागला होता, तरी लोक ओरपत होते. लुसिंडा एकाच वेळी हसत आणि नवऱ्याला बोलत होती. हायरम आणि ॲम्ब्रोज एकमेकांशेजारी उभे राहून हवामानाबद्दल बोलत होते. जूनपासूनचे हवामान शिल्लक होते. केझायाच्या छातीवरचा धोंडा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हलला होता. तिने दोन वाट्या रस्सा पोटभर खाल्ला. मग हातातला चमचा तसाच ठेवून तिने विचारले:

"डॉर्कसमावशीला सांगायला कोणी गेलं का?"

"रूबेन गेला असेल," ॲम्ब्रोज म्हणाला.

"निवडणुकीचं नाही म्हणत मी. ती साक्ष देईल का, हे तिला कोणी विचारलंय?"

ॲम्ब्रोजने हायरमकडे पाहिले. हायरमने लुसिंडाकडे. मार्चपासून या घरात डॉर्कसच्या साक्षीवरून भांडणे झाली, अबोले झाले, भाषणे झाली, एक निवडणूकही झाली. डॉर्कसला कोणी विचारले नव्हते.

"ती नाही का म्हणेल?" ॲम्ब्रोज म्हणाला, पण त्याचा त्यालाच धीर वाटला नाही. त्याने वाटी खाली ठेवली. दोघे भाऊ लगेच बग्गीत बसले.

डॉर्कस ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. बग्गीतून मेबरी एकच उतरेल असे तिला वाटले होते. दोन उतरलेले पाहून ती शेंगा सोलायची थांबली. रूबेन आतून येऊन दारात उभा राहिला.

"मावशी," ॲम्ब्रोजने घसा खाकरला, "तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं."

"कळलं मला," डॉर्कस म्हणाली. "रूबेन दर शनिवारी तुमचं भाषण ऐकून यायचा आणि सांगायचा ना. आज तू मिलरच्या चौकात हे बोललीस, आज तू चर्चपाशी ते बोललीस. उन्हाळाभर नुसती बोलतेय मी. घशाला कोरड पडली."

ॲम्ब्रोजचा चेहरा उतरला. तिला त्याची थोडी कीव आली, पण थोडीच. ती हायरमकडे बघत होती. "तुम्ही विचारा," ती म्हणाली. "मुलगा तुमचा आहे."

हायरमने हॅट काढली. "लायलसाठी साक्ष द्याल का?"

या माणसाच्या तोंडून आपल्याला कधी 'द्याल' ऐकू येईल असे डॉर्कसला वाटले नव्हते.

"देईन. त्या रात्री माझ्या ओसरीवर थंडीने काकडत होता पोरगा. माझी कॉफी पिऊन पिऊन संपवली त्याने. जे खरं ते सांगायला मला काय होतंय? सांगितल्यावर काय, ते बोला. कोर्टातून मी घरी येणार. घर हे. आणि रात्रीचे ते येणार, पोत्यांचे बुरखे घालून. मागच्या महिन्यात आमच्यासारख्याच एका काळ्या माणसाचं, वॉशबर्नचं घर जाळलं. ते कोण आहेत, हे मला नका सांगू. तुम्हाला माहीत आहे, एवढं मला माहीत आहे."

हायरमला माहीत होते. बुरखे घातले तरी घोडे ओळखू येतात, आणि त्यातले निम्मे घोडे त्याने स्वतः विकलेले होते.

"मी फ्रँकफर्टला गेलो की संरक्षणासाठी अर्ज..." ॲम्ब्रोजने सुरुवात केली.

"तुम्ही फ्रँकफर्टला असाल, साहेब. घोडे इथे येतात." तिने बोटाने ओसरीचा कोपरा दाखवला. "हायरमसाहेबांनी इथे बसायचं. बंदूक घेऊन, चेहरा उघडा ठेवून. येतील त्यांना दिसू दे कोण बसलंय. हे जमत असेल तर फेब्रुवारीत मी येते."

हायरमने पायरीवरची शेंगांची टरफले हाताने बाजूला सारली आणि बसला.

"जा तू," तो भावाला म्हणाला. "केझायाला सांग, माझी बंदूक पाठव. बर्गू उरलं असेल तर तेही."

"आज कशाला? साक्ष तर..."

"रूबेनने आज सगळ्यांदेखत नाव घेतलं. मीही घेतलं. ज्यांनी ऐकायचं ते ऐकून गेलेत. ते फेब्रुवारीपर्यंत थांबतील असं तुला कोणी सांगितलं?"

ॲम्ब्रोज गाडीत चढला. पुढे तो सभागृहात मोठा वक्ता म्हणून गाजला, पण त्या संध्याकाळी भावाला काय म्हणावे ते त्याला सुचेना. "उद्या रात्री मी बसेन," तो शेवटी म्हणाला.

"तुला बंदूक धरता येत नाही."

"बसता येतं."

हायरम हसला. बग्गी वळणाआड गेली. केझायाने बंदूक पाठवली नाही. दिवस मावळायच्या आत ती स्वतः घेऊन आली, बरोबर झाकलेली वाटीही आणली, आणि नवऱ्याशेजारी पायरीवर बसली.

डॉर्कस आत गेली. वसंतापासून रोज दिवस मावळला की ते दोघे दार लावून जेवणाचे टेबल त्याला टेकवत, खिडक्यांच्या फळ्या बसवत, आणि भट्टीसारख्या उकाड्यात घामाने भिजत पडून राहत. रूबेन नेहमीसारखा टेबल उचलायला वाकला.

"राहू दे," डॉर्कस म्हणाली. "आज जरा वारा येऊ दे."